पुण्याचा पगार सोडून संभाजीनगरला कमी पगारावर यायचं का, गणित असं मांडा

"दाजी, संभाजीनगरला ऑफर आलीय पण वर्षाला तीन लाख कमी द्यायलेत, येऊ का नको?" मागच्या दिवाळीत मेव्हण्यानं विचारलं तेव्हा त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर सिडकोतल्या एका टू बीएचकेचा फोटो, भाडं पुण्यातल्या वाकडच्या निम्मं. म्हणजे गड्याचं ठरलेलंच होतं, माझ्याकडून फक्त हो पाहिजे होतं. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी असंच भाडं बघून आलो, मूळचा परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा, पुण्यात नऊ वर्षं काढलेली, आणि इथं आल्यावर पहिलं वर्षभर महिनाअखेरीला खातं बघायचो तर पुण्यात उरायचे त्याच्यापेक्षा कमीच. काहून ते कळायला वेळ लागला. म्हणून त्याला म्हणलं, फोटो राहू दे, पेन-कागद आण.

कागदावर शेवटी एकच आकडा काढायचा असतो, महिन्याच्या शेवटी रुपयात उरतं किती. टक्क्यात नाही, रुपयात. टक्का लई फसवतो. समजा पुण्यात हातात १,१४,८७५ येतात आणि त्यातले ३० टक्के उरतात, म्हणजे ३४ हजार चारशे-पाचशे. इथं हातात ९८,००० आले आणि ३५ टक्के उरले तरी होतात ३४,३००. टक्का पाचानं वाढला म्हणून माणूस खुश आणि रुपये उलट दीडशे कमी. आणि म्युच्युअल फंडवाला, होम लोनवाली बँक, पोराचं पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज, ह्यातलं कुणी टक्क्यात पैसे घेत नाही.

आधी हातात येणारा पगार काढा

सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, शेजारी सीटीसी ठेवायची नाही. त्यात कंपनीचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते (पाच वर्षं झाली की नोकरी सोडताना मिळते ती रक्कम), कधी कधी व्हेरिएबल पे असतो जो मिळेल तेव्हा मिळेल. ते सगळं बाजूला काढून ग्रॉस पगार घ्या आणि त्यावरचा टॅक्स वजा करा, कारण पगार कमी झाला की टॅक्स पण कमी होतो आणि हे लोक विसरतातच.

मेव्हण्याचं उदाहरण घेऊ. पुण्यात ग्रॉस १५ लाख, इथं १२ लाख. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत, म्हणजे न्यू रेजीममधे, २०२५-२६ चे स्लॅब लावले तर १५ लाखातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १४.२५ लाख राहतात, त्यावर सेस धरून टॅक्स होतो ९७,५००. १२ लाखावर टॅक्स शून्य, कारण करपात्र उत्पन्न १२ लाखाच्या आत असलं की रिबेट, म्हणजे टॅक्समधे सूट, मिळतो आणि पगारदाराला वरचे ७५ हजार धरून ही रेषा जाते १२.७५ लाखावर. म्हणजे कागदावर तीन लाखाची कात्री दिसत असली तरी हातातून जातात २,०२,५००, महिन्याला १६,८७५. दोन्हीकडं पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० धरलाय, प्रोफेशनल टॅक्स राज्यभर सारखाच आहे, त्याची चिंता करू नका.

ह्या रेषेचा बोलणी करताना पण उपयोग होतो. कंपनी १२ देत असेल तर १२.७५ मागा, वरच्या ७५ हजारावर एक रुपया टॅक्स नाही, सगळे हातात, महिन्याला ६,२५०. पण १२.७५ च्या पुढं साधारण साडेतेरापर्यंतचा पट्टा बेकार आहे, तिथं वाढवून दिलेला जवळपास सगळा पैसा टॅक्समधेच जातो. त्यामुळं भांडायचं तर पावणेतेरासाठी भांडा नाहीतर सरळ चौदासाठी, मधल्या आकड्यावर हात मिळवून घरी पेढे वाटू नका.

एक सापळा पीएफचा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा पूर्ण बेसिकवर १२ टक्के भरतात, बेसिक ५० हजार असेल तर तुमचे ६,००० आणि कंपनीचे ६,०००, महिन्याला १२ हजार बाजूला पडतात. छोटी कंपनी १५ हजाराच्या मर्यादेवरच भरते, १,८०० अधिक १,८००, संपलं. इन-हँड बघून वाटतं अरे इथं तर फारसा फरक नाही, आणि तिकडं म्हातारपणाचे महिन्याला ८,४०० गायब झालेले असतात. ऑफर लेटरमधे पीएफ कशावर आहे ते विचाराच. आणि जुन्या कंपनीत पाच वर्षं व्हायला तीन-चार महिने राहिले असतील तर जॉइनिंग पुढं ढकला, ५० हजार बेसिकवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १ लाख ४४ हजाराच्या आसपास होते, एवढे पैसे गडबडीत कोण सोडतं.

स्वस्त काय होतं आणि काय होत नाही

खर्चाचे दोन ढीग करायचे. एक ढीग गावानुसार बदलणारा, भाडं, शाळा, कामवाली, भाजी, रिक्षा. दुसरा ढीग देशभर सारखा, होम लोन, कारचा हप्ता, एसआयपी, एलआयसी, मोबाईल रिचार्ज, लॅपटॉप, ऑनलाईन मागवलेले कपडे, विमानाचं तिकीट. स्वस्त शहराचा फायदा फक्त पहिल्या ढिगावर होतो. ज्याचा दुसरा ढीग मोठा, म्हणजे पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलाय आणि ४५ हजाराचा हप्ता चालू आहे, त्याला संभाजीनगर स्वस्त नाहीच, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं हप्त्याच्या निम्मं पण येत नाही बऱ्याचदा. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, पण भाडं आणि पाळणाघर ह्यातच अर्धा पगार जातो, त्याला इकडं यायचा खरा फायदा.

लोकांना वाटतं गावाकडं सगळंच स्वस्त. नाहीये. लाईटबिल घ्या, महावितरणचा घरगुती दर पुण्यात जो तोच परभणीत. पेट्रोल तर आमच्या परभणीत राज्यातल्या सगळ्यात महाग भावांत असतं, मनमाडच्या डेपोवरून टँकरनं आणावं लागतं ना, जगात जर्मनी भारतात परभणी उगाच नाही म्हणत. फक्त इथं ऑफिस सात-आठ किलोमीटरवर असतं म्हणून पेट्रोल कमी लागतं, भाव कमी म्हणून नाही. किराण्यात पण हजार-पाचशेचाच फरक पडतो, तेल-साखर-डाळ सगळीकडं सारखीच.

मेव्हण्याच्या कागदावर असं निघालं. त्याचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. भाडं मेंटेनन्स धरून २७ हजाराचं १४ हजार. शाळा आणि कामवाली मिळून साडेपंधरा हजाराचे साडेनऊ. पेट्रोल आणि कॅब सात हजाराचे साडेतीन. दर महिन्याला ट्रॅव्हल्सनं गावाकडं यायचे साडेचार हजार तिथं दीड, कारण इथून सेलू रेल्वेनं दोन-अडीच तास. बाहेरचं खाणं दीड हजारानं कमी, किराणा हजारानं. एकूण सुटले २८ हजार, त्यातून टँकर आणि पिण्याच्या जारचे दीड हजार वजा, राहिले साडेसव्वीस. जाणारे १६,८७५. म्हणजे जवळजवळ दहा हजाराचा नफा! मेव्हण्यानं तिथंच बायकोला हाक मारली. मी म्हणलं थांब, पान उलट.

पानाच्या मागच्या बाजूला

इथं आल्यावर जे खर्च वाढतात ते कुठल्याच कॅल्क्युलेटरमधे नसतात. पहिला म्हणजे माणसांचा. पुण्यात असताना लग्नाची पत्रिका यायची, आपण सुट्टी नाही म्हणायचो, पाचशे एक ऑनलाईन पाठवले की विषय संपला. इथं सगळे दोन तासाच्या अंतरावर. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांती, दहावा-तेरावा, आणि नुसतं जाऊन भागत नाही, आहेर, कपडे, गाडीचं पेट्रोल. एप्रिल-मे मधे तर शनिवार-रविवार घरात स्वयंपाकच होत नाही. उलट बाजूनं गावातलं कुणालाही संभाजीनगरला दवाखान्यात दाखवायचं असलं की मुक्काम आपल्याकडं. हे मी रडगाणं म्हणून नाही सांगत, ह्याच्यासाठीच तर आपण परत आलो, पण कागदावर महिन्याला चार हजार लिहा. मी पहिल्या वर्षी शून्य लिहिले होते.

दुसरा दवाखान्याचा. पुण्यातल्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधे आईवडील असतात, इथल्या बऱ्याच कंपन्यांत फक्त नवरा-बायको-पोरं. साठीच्या पुढच्या दोघांची पॉलिसी स्वतः काढायची म्हणलं की मेव्हण्याच्या अंदाजानं महिन्याला तीन हजार, आणि शुगर-बीपी आधीपासून असेल तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लागू शकतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. ह्याच्यावर एक उपाय आहे, नोकरी सोडायच्या आधी ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या घरगुती पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचारा, आधी म्हणजे आधी, शेवटच्या दिवसानंतर फोन करून उपयोग नाही.

तिसरा उन्हाळा आणि पाणी. इथला उन्हाळा कोरडा, मे मधे ४२-४३ सहज, पण कोरडा असल्यामुळं कूलर झकास चालतो आणि एसीच्या मानानं लाईट फारच कमी खातो. खातो लाईट कमी पण पितो पाणी, दिवसाला कितीतरी बादल्या, आणि आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा यायचा. जायकवाडी तिकडं पैठणला भरलेलं असतं आणि इकडं सातारा-देवळाईत माणूस टँकरवाल्याला फोन लावत बसलेला, हे दृश्य इथल्या माणसाला नवीन नाही. लातूरकरांना तर काय सांगावं, २०१६ ला मांजरा आटल्यावर मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तर उन्हाळ्यातले जास्तीचे टँकर-जार, इन्व्हर्टरची बॅटरी, उन्हाळ्यातलं बिल, पाहुण्यांचा चहा-पोहे, सगळं मिळून त्यानं अजून अडीच हजार लिहिले.

साडेसव्वीसमधून चार, तीन आणि अडीच गेले, राहिले १७,०००. जाणारे १६,८७५. शिल्लक सवाशे रुपये. मेव्हणा पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणला एवढ्यात पावशेर चिवडा पण येत नाही चांगल्या दुकानातला.

आता सवाशे म्हणजे वाईट का? तसं पण नाही. रोजचे अडीच तास ट्रॅफिकमधले वाचायलेत, आई आजारी पडली तर रात्री अकराला निघून दीडला गावात पोचता येतं, पोरगं आजोबांच्या मांडीवर वाढतंय, ह्याची किंमत ज्यानं त्यानं लावायची. पण ती किंमत वेगळी लिहायची, पैशाच्या रकान्यात कालवायची नाही. "स्वस्त पडतं म्हणून आलो" आणि "आईसाठी आलो, पैसे तेवढेच उरतात" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली समजूत घेऊन आलेला माणूस वर्षभरात चिडचिडा होतो, मी झालो होतो.

बायकोची नोकरी

हा मुद्दा मी शेवटी सांगतो आणि खरंतर इथूनच सुरुवात करायला पाहिजे. वरचं सगळं गणित एका पगाराचं आहे. घरात दोन पगार असतील आणि एकाला ऑफर आली म्हणून दुसऱ्यानं नोकरी सोडायची, आणि "दुसऱ्यानं" म्हणजे जवळपास प्रत्येक घरात बायकोनंच, तर महिन्याला ४० हजार कमावणारी बायको घरी बसली की भाड्यातले १३ हजार वाचून काय करता. इथं वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला कारखाने आहेत, ऑटो आणि फार्मावाल्यांना नोकरी बदलायला वाव आहे, बिडकीनकडं नवीन प्रकल्प यायलेत. पण सॉफ्टवेअर, बँकिंगचं बॅक ऑफिस, एचआर, डिझाईन ह्यात पुण्यासारख्या दहा कंपन्या रांगेत उभ्या नाहीत. लातूरला तर शिकवणीचा धंदा मोठा, फिजिक्स-बायोलॉजी शिकवता येत असेल तर बरं चालेल, टेस्टिंगवाल्यानं तिथं जाऊन काय करावं. बायकोनं आधी स्वतः चार ठिकाणी अर्ज टाकून बघावा, निदान एक मुलाखत व्हावी, मगच तुमचा राजीनामा. "तिथं गेल्यावर बघू" असं म्हणून आलेल्या तीन घरांतल्या वहिनी अजून बघायल्यात.

पाच वर्षांनी काय

आजचा फरक तीन लाख आहे, तो तीनच राहत नाही. दोन्हीकडं वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली तरी पाच वर्षांत १५ चे २४ लाख होतात आणि १२ चे १९.३, फरक पावणेपाच लाखाच्या पुढं. इथली कंपनी सहाच टक्के देत असेल तर १२ चे होतात १६, फरक आठ लाख. त्यामुळं ऑफर घेताना विचारा, मागच्या दोन-तीन वर्षांत वाढ किती दिली, आणि एचआरला नाही, तिथं काम करणाऱ्याला विचारा, चहाच्या टपरीवर. परत पुण्याला जायची वेळ आली तर नवीन कंपनी सध्याचा पगार विचारणार आणि त्याच्यावरच टक्के लावून देणार, म्हणजे एकदा खाली उतरलेली पायरी परत चढायला वेळ लागतो. म्हणून कामाचं नाव, पद, हाताखालची टीम ह्यातलं काहीतरी वाढवून घ्या. पगार पण कमी आणि पद पण तेच, असं असेल तर येऊ नका, असं माझं मत.

कंपनी तीच, नुसतं गाव बदलणार असेल तर

काही जणांचं वेगळं असतं. कंपनी म्हणते घरून काम कर, नांदेडला बस नाहीतर उदगीरला बस, पण पगार २० टक्के कमी करू, तिकडं खर्च कमी आहे ना. इथं खर्चाच्या वादात पडू नका, तुमचा किराणा हा त्यांचा विषयच नाही. काम तेच, क्लायंट तोच, त्याला बिल तेवढंच लागतंय, हेच धरून बसा. सोबत एक दाखला देता येतो, केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्याची पुण्याहून बदली करतं तेव्हा बेसिकला हात लावत नाही, मोठा फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात, सरकारी वर्गवारीत पुणे एक्स शहर म्हणून बेसिकच्या ३० टक्के, संभाजीनगर आणि नांदेड वाय म्हणून २० टक्के, लातूर-परभणीसारखी झेडमधली १० टक्के. ५० हजार बेसिकवर पुण्याहून नांदेडला आलं तर भत्ता ५ हजारानं कमी होतो. सव्वा लाख ग्रॉसवाल्याला हे चार टक्के झाले, वीस कुठून आले? एवढं शांतपणे बोललं की बऱ्याचदा आठ-दहावर येतं. कपात करायचीच तर भत्त्यातून करा, बेसिक तसाच ठेवा म्हणा, पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्याच्यावर असते. आणि दोन गोष्टी मेलवर लेखी घ्या, ऑफिसला परत बोलावलं तर पगार पूर्ववत होणार, आणि मीटिंगसाठी पुण्याला बोलावलं तर येण्याजाण्याचा-राहण्याचा खर्च कंपनीचा. पुण्याला जायला रोडनं पाच-सहा तास लागतात, महिन्यात दोनदा बोलावलं आणि खर्च आपला असला की झालं सगळं वाचवलेलं खलास.

सामान हलवणं, डिपॉझिट, शाळेची नवीन ॲडमिशन, ब्रोकर, ह्याचा एकरकमी खर्च वेगळा लिहा आणि महिन्याच्या बचतीनं भागून किती महिन्यात फिटतो ते बघा. सवाशे रुपये उरत असतील तर भागाकार करूच नका, त्याला म्हणलं रडू येईल.

मेव्हण्यानं मग १२.७५ मागितले आणि आईवडिलांचा मेडिक्लेम कंपनीनं घ्यावा असं बोलला, पहिलं मिळालं, दुसरं नाही. महिन्याला सहा हजार तीनशेच्या आसपास वर राहायलेत. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आधी यायलाय, आता रोज घरांचे फोटो पाठवतो. मी त्याला एवढंच सांगितलंय की हॉल-किचन नंतर बघ, आधी गच्चीवर जाऊन टाकी किती लिटरची ते बघ, पाणी कितव्या दिवशी येतं ते घरमालकाला विचार, आणि मग खाली उतरून किराणा दुकानवाल्याला परत तेच विचार.